ओटा न फोडता नवं स्वयंपाकघर: दोघांनी हातांनी करायचं काम, क्रमाक्रमाने

आमचं स्वयंपाकघर साडेआठ फूट बाय सात. पुण्यातल्या बिनलिफ्टच्या सोसायटीतलं, सासूबाईंनी तीस वर्षं वापरलेलं. काळ्या ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा, त्याखाली उभे कडप्पे, कप्प्यांना फुगलेली लाकडी दारं. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सच्या सांध्यांत हळद आणि तेल मुरलेलं. पाहायला आलेल्या दोन्ही कंत्राटदारांनी सगळं तोडून नव्याने करायचा सल्ला दिला. आम्ही तोडलं नाही. मी आणि नवऱ्याने मिळून सहा शनिवार-रविवारांत बरंचसं काम स्वतः केलं आणि जे आपलं नव्हे ते जाणत्या माणसाकडून करून घेतलं. तुमचा ओटा शाबूत असेल, तर तुम्हीही ते करू शकता.

ओटा शाबूत आहे की नाही, हे आधी पाहा. सगळं सामान काढून ओटा पुसा, बॅटरी आडवी धरून प्रकाश टाका, म्हणजे बारीक चीर दिसते. सिंकच्या पुढची आणि मागची अरुंद पट्टी सगळ्यात कमजोर असते, कारण तिथे दगड कापलेला असतो. मग खाली वाकून उभे कडप्पे पाहा. कडप्पा थराथराने सुटतो, ओल लागली की त्याचे पापुद्रे निघतात. वरच्या ग्रॅनाइटचा सगळा भार याच कडप्प्यांवर असतो, म्हणून ट्रॉलीला जागा हवी म्हणून त्यातला एखादा काढायचा विचारही करू नका. चीर आरपार गेली असेल किंवा कडप्पा पायाशी भुसभुशीत झाला असेल, तर ते गवंड्याचं काम आहे. पुढचं सगळं त्यानंतर.

आठ दिवस फक्त बघा

खरेदीला जाण्याआधी आठवडाभर रोजचा स्वयंपाक नेहमीसारखा करा आणि एका वहीत लिहीत जा. कोणता डबा दिवसातून किती वेळा काढला, कुठे वाकावं लागलं, दोघं एकमेकांच्या आड कुठे आलात. आमच्या वहीत दुसऱ्याच दिवशी कळलं, की मिसळणाचा डबा दिवसातून सहा वेळा निघतो आणि तो होता गॅसच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना वही वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेल आणि मिसळण डाव्या हाताला ठेव गं, उजव्या हातात झारा असतो." नव्या आराखड्यातली पहिली जागा त्यांच्या त्या वाक्याने ठरली.

याच आठवड्यात ओट्याची उंची दोघांच्या शरीराशी ताडून पाहा. ताठ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-कापण्याला सोयीची उंची मिळते. माझं कोपर ३८ इंचांवर येतं, नवऱ्याचं ४३ वर. आमचा ओटा ३४ इंचांचा, म्हणजे मला बरोबर आणि त्याला तीन ते पाच इंच कमी. त्याची पाठ का दुखते, हे इतक्या वर्षांनी कळलं. त्यासाठी ओटा उचलायची गरज नव्हती. तीन इंच उंचीचा जाड लाकडी पाट त्याच्या चिरण्यासाठी केला, खाली रबराच्या गोल चकत्या लावल्या, प्रश्न मिटला. उलट पोळ्या लाटायला ओटा थोडा खालीच बरा, कारण पोळपाटाची स्वतःची उंची असते आणि लाटताना खांद्याचा भार खाली द्यायचा असतो. शेगडीचंही तसंच. शेगडी आणि तिच्यावरची कढई मिळून काठ सहज आठ-दहा इंच वर जातो. उंच ओट्यावर उंच शेगडी ठेवली की फोडणी घालताना हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो.

मग जमिनीवर खडूने किंवा ओट्यावर मास्किंग टेपने नवी मांडणी आखा आणि दोन दिवस त्या आखणीत खरोखर स्वयंपाक करा. कागदावरच्या चुका टेपवर दिसतात.

कोणतं काम आपलं, कोणतं नाही

टाइल लावणं, सांधे भरणं, ट्रॉलीचे खोके जोडून बसवणं, दारं लावणं, रंग देणं, सिंकच्या कडा सील करणं ही कामं शिकून करता येतात. वीज, गॅस आणि भिंतीतली नळजोडणी आपली नाही.

विजेसाठी परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याला आधीच यादी द्या. मिक्सर, फ्रिज आणि पाण्याच्या फिल्टरला ६ अँपिअरचा पॉइंट पुरतो. मायक्रोवेव्ह, ओव्हन, इंडक्शन यांना १६ अँपिअरचाच लागतो. त्याची वायर वेगळी आणि जाड असावी लागते, नुसतं मोठं सॉकेट बसवून भागत नाही. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवून घ्या. ओल्या हाताने स्विचला हात लावणाऱ्या खोलीत तो जीव वाचवतो. बोर्ड सिंकपासून लांब घ्या.

गॅसबद्दल एक गोष्ट दोघांनीही नीट समजून घ्यावी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर ओट्याखाली दाराआड ठेवणार असाल, तर दाराला खालच्या बाजूला जाळी हवीच, आणि पाइपचा गॅस असेल तर वरच्या बाजूची हवा मोकळी हवी. सिलिंडर कायम उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपेक्षा लांब नको, ट्रॉलीच्या मागून किंवा भिंतीतून नेलेली नको, कारण ती डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे. पाच वर्षं झाली की बदलायची. पाइपच्या गॅसचं कनेक्शन एक इंचही सरकवायचं असेल तर कंपनीचाच माणूस. सिलिंडरच्या गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक दाराच्या आत लिहून ठेवा.

सोसायटीला आधी लेखी अर्ज द्या. कामाचं स्वरूप, तारखा, ठोकाठोकीच्या वेळा लिहा आणि कॉलम, बीम, सिंकची जागा यांना हात लावणार नाही, हेही स्पष्ट लिहा. खालच्या मजल्यावरच्या घरी स्वतः जाऊन सांगून या. त्यांच्या छतावर आधीच ओल असेल तर ती तेव्हाच दोघांनी मिळून पाहिलेली बरी. राडारोडा गोण्यांत भरून ठरलेल्या ठिकाणीच द्यायचा असतो. तो रोजच्या कचऱ्यात किंवा नदीकाठी टाकणं हा गुन्हा आहे. ओटा आणि जुन्या टाइल्स ठेवल्यामुळे आमच्या राडारोड्याच्या फक्त चार गोण्या भरल्या.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत पुट्टी वाळत नाही, प्लायच्या उघड्या कडा ओल ओढून घेतात. दिवाळी झाल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ चांगला.

तात्पुरती चूल

पहिल्या शनिवारी आम्ही स्वयंपाकघर पूर्ण रिकामं केलं आणि हॉलमध्ये एका टेबलावर इंडक्शन मांडलं. इंडक्शनची शेगडी बहुधा २००० वॅटपर्यंत असते, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून ती चालवली तर बोर्ड वितळू शकतो. एसीचा किंवा गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट शोधा आणि टेबल तिथे न्या. सिलिंडर बंद खोलीत हलवू नका. एक पातेलं, एक कढई, कुकर, चार ताटं आणि मिसळण एवढंच बाहेर ठेवा, बाकी खोक्यांत भरून खोक्यावर यादी चिकटवा. सहा आठवडे भात, वरण, भाकरी बाहेरून, आणि कोशिंबीर यांवर छान निघतात.

जुन्या टाइलवर नवी टाइल

हा भाग सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भीती याचीच असते आणि सगळ्यात जास्त आनंदही हाच देतो.

आधी प्रत्येक जुन्या टाइलवर नाण्याने ठोका. भरीव आवाज आला तर ती पक्की आहे. पोकळ बद्द आवाज आला तर खुणेची फुली मारा. अशा टाइल्स छिन्नीने काढून खड्डा सिमेंट-वाळूने भरा आणि आठवडाभर पाणी मारत राहा. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पोकळ निघाल्या तर हा मार्ग सोडा आणि सगळ्या टाइल्स काढून घ्या. भरीव टाइल्सचा चिकटपणा सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा घासून काढा. चकाकी उतरेपर्यंत त्यांच्यावर खरखरीत पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवा. तेलकट, गुळगुळीत पृष्ठभागावर काहीच टिकत नाही.

हिशेब असा. आमची ओट्यालगतची भिंत सात अधिक पाच, म्हणजे १२ फूट. उंची दोन फूट. झाले २४ चौरस फूट. १२ बाय १८ इंचांची टाइल आडवी लावली की दोन ओळींत उंची बसते आणि एका ओळीत आठ, अशा १६ टाइल्स लागतात. कापताना फुटतील म्हणून दोन जास्त. ही टाइल बहुधा सहाच्या खोक्यात येते, म्हणजे तीन खोकी. आम्ही चार घेतली. पुढे कधी एखादी बदलायची वेळ आली तर त्याच रंगाची मिळत नाही. खोक्यांवरचा बॅच आणि शेड क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहा. टाइल बदलून मिळते, छटा मिळत नाही.

चिकटवायला साधं सिमेंट चालणार नाही. जुन्या टाइलवर चालेल असं पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं अ‍ॅडेसिव्ह घ्या. २० किलोच्या पिशवीत तीन मिलिमीटर जाडीने साधारण ४० चौरस फूट होतात. लिहिलेल्या मापाने पाणी घेऊन त्यात पावडर टाका, उलटं नको. कालवा, पाच-दहा मिनिटं ठेवा, पुन्हा कालवा. एका वेळी तीन-चार टाइल्सपुरतंच करा. नवरा कालवायचा आणि कापायचा, मी लावायची. ही विभागणी पहिल्या तासात ठरवा, कारण अ‍ॅडेसिव्ह कोणासाठी थांबत नाही.

पहिली ओळ ओट्यावर सरळ टेकवू नका. ओटा पाणसळीत असेलच असं नाही. आमचा पाच फुटांत चार मिलिमीटर उतरत होता, सिंककडे पाणी जावं म्हणून मुद्दाम ठेवलेला उतार. पाणसळ लावून भिंतीवर आडवी रेघ मारा, ओट्याच्या सगळ्यात उंच जागी तीन मिलिमीटरची फट धरून तिथून सुरुवात करा. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढा, टाइल दाबताना किंचित आडवी सरकवा म्हणजे रेघा मोडून हवा निघते. पहिली टाइल लावून लगेच काढून पाहा. मागची बाजू पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. कोपरे कोरडे राहिले तर दोन वर्षांनी तिथेच टाइल उकलते. टाइल्समध्ये दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी राखणारे प्लास्टिकचे तुकडे, ठेवा आणि दर दोन टाइल्सनंतर पाणसळ व ओळंबा दोन्ही पाहा.

नळाच्या भोकासाठी हिऱ्याच्या कणांचा गोल कटर मिळतो. ड्रिलचा ठोके मारण्याचा मोड बंद, वेग कमी, आणि दुसऱ्याने पाण्याची धार धरायची. सुरुवातीला कटर घसरू नये म्हणून मास्किंग टेप लावा. सरळ काप हाताच्या टाइल कटरने होतात. ग्राइंडर वापरायची वेळ आलीच तर पाणी मारत, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला एन-९५ मास्क लावून, आणि बाल्कनीत. टाइलची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

नवी टाइल जुनीवर बसली की भिंत दहा-बारा मिलिमीटर पुढे येते. याचा विचार आधी केला नाही तर नळाची चकती टेकत नाही आणि स्विचबोर्ड खोल जातो. नळांसाठी एक्स्टेन्शन निपल (नळ पुढे आणणारा जोडतुकडा) आणि बोर्डांसाठी लांब स्क्रू आधीच आणून ठेवा. भिंतीतल्या पाइपांवर ड्रिल होऊ नये म्हणून नळाच्या आणि स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं टाळा. पाइप आणि वायर बहुतेक त्याच रेषांत जातात.

चोवीस तासांनी सांधे भरायचे. सांध्यांत भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. शेगडीमागे आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउटच वापरा, महाग असलं तरी. सिमेंटचा ग्राउट हळद पितो. खिडकीतल्या उन्हाने हळदीचा डाग विरतो, पण शेगडीमागच्या कोपऱ्यात ऊन कुठून येणार? इपॉक्सी पटकन आळतं, म्हणून मूठभरच कालवा, दोन फूट भरा, ओल्या स्क्रबरने टाइल लगेच पुसा, मग पुढे जा. पुसायचं राहिलेलं इपॉक्सी दुसऱ्या दिवशी ब्लेडनेच निघतं. हातमोजे घाला. टाइल आणि ओटा यांमधली ती तीन मिलिमीटरची फट मात्र ग्राउटने भरू नका. भिंत आणि दगड वेगवेगळे हलतात, तिथे कडक भराव तडकतो. ती सिलिकॉनसाठी ठेवायची.

ट्रॉली: बास्केट आधी, खोका नंतर

ओट्याखाली कडप्प्यांमधल्या प्रत्येक कप्प्यात प्लायचा एक खोका सरकवायचा आणि त्यात स्टीलच्या बास्केट बसवायच्या, ही पद्धत नवख्यांना सोपी जाते, कारण कडप्प्याला भोक पाडावं लागत नाही.

प्रत्येक कप्प्याची रुंदी पुढे, मध्ये, मागे आणि वर-खाली मोजा, सगळ्यात लहान माप खरं धरा. आमच्या एका कप्प्याची मापं ६०४ पासून ५९८ मिलिमीटरपर्यंत निघाली. आता उलटा हिशेब. २१ इंची बास्केट म्हणजे ५३३ मिलिमीटर. बास्केट ज्यांवर सरकते त्या बॉल बेअरिंगच्या पट्ट्यांना, म्हणजे चॅनेलला, दोन्ही बाजूंना मिळून २६. झाले ५५९. खोक्याच्या दोन बाजूंचा १८ मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे ३६. खोक्याची बाहेरची रुंदी ५९५, आणि जागा ५९८. बसलं. बास्केट ठरावीक मापांतच मिळतात, म्हणून त्या हातात आल्याशिवाय प्लाय कापायला देऊ नका. खोका आधी करून बास्केट शोधायला गेलात तर दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोकत बसावं लागतं.

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का पाहा, तो उकळत्या पाण्यालाही टिकतो. आयएस ३०३ चा साधा प्लाय कपाटाला ठीक, सिंकच्या शेजारी नको. आठ बाय चारच्या शीटवर सगळे तुकडे आधी कागदावर बसवून पाहा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापाने कापून मिळतो. बिजागरीच्या वाटीसाठी लागणारं ३५ मिलिमीटरचं भोकही तिथेच पाडून घ्या, घरच्या ड्रिलने ते नीट होत नाही. प्रत्येक कापलेल्या कडेला पट्टी चिकटवा, मागच्या आणि खालच्या कडांनाही. ओल तिथूनच शिरते. बास्केट ३०४ ग्रेडच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या घ्या. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, हे खरं नाही, कारण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

चॅनेल बसवताना पुढून आणि मागून खोक्याच्या तळापासूनचं अंतर तंतोतंत सारखं हवं. लाकडाच्या एका पट्टीचा ठोकळा कापून तोच दोन्हीकडे मापासाठी टेकवा, टेप वापरूच नका. खोक्याला पीव्हीसीचे कमी-जास्त होणारे पाय लावा, म्हणजे जमीन पुसताना पाणी प्लायला लागत नाही आणि झाडू आत जातो.

सिंकखाली ट्रॉली नको. तिथे फक्त दार, तेही पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) बोर्डाचं, आणि आत पाइपांपर्यंत हात जाईल अशी मोकळी जागा.

जड वस्तू खाली, शेगडीजवळच्या ट्रॉलीत कढया आणि तवे, वरच्या उथळ ट्रॉलीत झारे-उलथणी आणि मिसळण. लोणच्याच्या बरण्या ट्रॉलीत ठेवू नका. दर वेळी ओढताना हिंदकळतात, त्या फळीवरच बऱ्या.

रंगाबद्दल थोडक्यात. वायरमनचं काम झालं की आणि टाइल्सच्या आधी पुट्टी, प्रायमर आणि पहिला हात. शेवटचा हात सगळं बसल्यावर. धुता येणारा रंग घ्या, छतालाही, कारण वाफ तिथेच जाते.

शेवटचे दोन दिवस

सिलिकॉनसाठी फट कोरडी ठणठणीत हवी. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळीचं टोक तिरकं कापलेलं, एका दमात ओढलेली रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवायचं, आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढायची. त्यानंतर चोवीस तास नळ बंद.

मग सिंकखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा. सिंकचं भोक बंद करून सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा. असं तीनदा. कागदावर एक जरी थेंब दिसला तरी सांधा सोडवून पुन्हा बसवा. शेगडीची नळी आणि रेग्युलेटर बसवल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा, काडी कधीही लावू नका.

महिन्याभराने सगळ्या बिजागऱ्यांचे आणि चॅनेलचे स्क्रू पुन्हा आवळा. भरलेल्या डब्यांच्या वजनाने ते थोडे सैल होतातच. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा. भिंत उघडी असताना पाइप आणि वायरींचे काढलेले फोटो छापून, त्यावर मापं लिहून, सिंकच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये चिकटवा. आमच्या दारावर त्याच्या शेजारी तो आठ दिवसांच्या वहीतला कागदही आहे, वर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं: तेल-मिसळण, डावीकडे.